पडदे मी शिवले

नळ खोकला. एकदा, मग थोडं थांबून दोनदा, आणि बादलीच्या तळाशी पाण्याची पहिली चूळ पडली. चौथ्या दिवशी पाणी येत होतं. नळ उघडा ठेवून झोपायचं, पाण्याला यायचं असलं की ते आपणच हाक मारतं, ही पोकुआच्या आईची रीत. एरवी हा आवाज झाला की पोकुआचे हातपाय तिच्या आधी जागे व्हायचे. पिंप, दोन कॅन, न्हिराच्या आंघोळीची निळी बादली. आज ती पलंगाच्या काठावर नुसती बसून राहिली. बादली भरली, पाणी फरशीवर उतरलं, मोरीकडे जायची वाट शोधू लागलं, तरी ती बसूनच होती. पाच वर्षांची न्हिरा पालथी झोपली होती, एक बोट कानात घालून, जणू आईच्या डोक्यातला आवाज तिलाही नको होता. अजून नाव पडलं नाही. काल दुपारी उच्चारलेले हे शब्द पोकुआच्या तोंडातून जायला तयार नव्हते. माशाचा काटा टाळूला रुतावा तसे ते रुतले होते; जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

काल दुपारी एना फोसुआ दुकानात आली होती. पोकुआच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची, दुफियाची आई. वर्षभर कोकोच्या मळ्यावर राहून ती परवाच कुमासी शहरात परतली होती आणि तिच्या टाचांच्या भेगांतून अजून लाल माती होती. एना म्हणजे आईच. गल्लीतल्या साऱ्याजणी म्हातारीला एना म्हणत, पण पोकुआच्या तोंडी तो शब्द जरा जास्त खरा होता, कारण शाळेच्या वयात तिने आपल्या आईच्या हातचं जेवढं खाल्लं त्याहून कांकणभर जास्तच या बाईच्या हातचं खाल्लं होतं. "सुकलीस का गं? का सुटलीस? डोळे गेले माझे, मला दोन्ही सारखंच," म्हणत एना बाकावर टेकली. "शनिवारी भावाचं वर्ष आहे. दुफियाला काहीतरी नवं घ्यायचंय. पोरगी घराबाहेर पाऊल टाकत नाही, मी नसताना काय झालंय तिला देव जाणे. ते निळं दाखव बघू. बसमध्ये तिघीजणींच्या अंगावर तेच होतं." पोकुआने तागा खाली ओढला. दुसरं काहीतरी ओढावं असं तिच्या हातांना वाटलं होतं, पण निळ्याची चळत अख्ख्या भिंतभर होती. ती कुठे लपवणार? एनाने कापडाचा कोपरा मुठीत चुरगाळला, कानाशी नेऊन त्याची करकर ऐकली, मग हुंगला. नव्या मेणछापाचा तो कडवट, किंचित रॉकेलसारखा वास दोघींच्या मधे उभा राहिला. "माल चांगला आहे," ती म्हणाली. "नाव काय याचं?"

नाव विचारल्याशिवाय कापड कोण घेतं? सहा वार अंगावर घेऊन बाई गल्लीतून जाते ती काहीतरी बोलून जाते. सवतीला, जावेला, नवऱ्याच्या बहिणीला, कधीमधी देवालाही. आपण काय बोलतोय ते ठाऊक नसताना ते अंगावर कसं चढवायचं? पोकुआने पुष्कळ गिऱ्हाइकांना ते नाव सांगितलं होतं. ठसक्यात सांगितलं होतं, एक भुवई उचलून, पुढचं त्यांच्यावर सोडून. आणि एनाच्या समोर तिची जीभ एकदम परकी झाली. "अजून नाव पडलं नाही, एना." "एवढ्या बायका घालून हिंडतात, आणि नाव नाही?" "हिंडतात खऱ्या." "मुक्या मेल्या आजकालच्या." म्हातारीने कापडाची घडी पुन्हा होती तशी घातली, कडेला कड लावून, आणि वर दोनदा थोपटलं, झोपलेल्या मुलाला थोपटावं तसं. "बिननावाचं नको बाई. मयताच्या घरी जायचंय, तिथे जाऊन काय बोलून बसेल कुणास ठाऊक. नाव पडलं की निरोप धाड. आणि हे बघ, तूच ठेव. तुझ्या आईची जीभ आहे तुला. दुफियाला शोभेल असं ठेव." एवढं बोलून ती गेली, आणि संध्याकाळी दुकानाची फळी लावताना गिरणीच्या ओसाफोचा फोन आला. मॅडम पोकुआ, अभिनंदन, वरच्या साहेबांचं ठरलं. बाहेरून नकली माल तीन आठवड्यांत येऊन पडतो, म्हणून आता अस्सल ताग्याच्या काठावर नावच छापायचं, दर वाराला एकदा. मंगळवारी दहा वाजता कागद घेऊन येतो, तुमची सही, आणि दोन वर्षं हा माल बाजारात फक्त तुमच्या हातून.

मंगळवार म्हणजे आज.

तिने नळ बंद केला. फरशीवरचं पाणी खराट्याने लोटता लोटता तिला वाटलं, तोंडातून गेलेल्या नावाचं एक बरं असतं. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी बायका ते विसरतात, कापड जुनं होतं, पोराच्या दुपट्यात जातं. काठावर छापलेलं कुठे जाणार? दुफिया कुठल्याही बारशाला, कुठल्याही मयताला जाईल, आणि समोरच्या बाईच्या पोटरीवरून तिचंच वाक्य तिच्याकडे बघत राहील, दर वाराला एकदा.

तिचंच वाक्य. पाच महिने पोकुआने स्वतःला सांगितलं होतं की ते शब्द आपल्याला सुचले. सुचले म्हणजे आले, हवेतून यावेत तसे. आई म्हणायची, गिरणी कापड नुसतं छापते, ते जन्माला येतं बाजारात. आईने ठेवलेली नावं अजून चालतात. 'शेजारणीचा कोंबडा माझ्या दारी आरवतो'. 'पाहिलं ते पोटात'. आणि सगळ्यांत खपलेलं, ज्याच्या पैशातून भरलेल्या फीवर पोकुआच्या शाळेला पत्रा चढला असं आई गमतीने म्हणायची, ते 'बाई, हळू हस'. लहानपणी आईच्या मांडीला टेकून पोकुआने ते हजारदा ऐकलं असेल. ही बाई कोण, असं मात्र तिने कधी विचारलं नाही. कुणीतरी असणारच ना? कुठल्या तरी गल्लीत, कुठल्या तरी दुपारी, कुणीतरी मोठ्याने हसली असेल, आणि मग तिचं हसू बंद झालं असेल. आई गेल्या वर्षी गेली. आता विचारायला उशीर झाला होता, आणि खरं म्हणजे आता विचारायची भीतीही वाटत होती.

पाच महिन्यांपूर्वी नव्या कापडाला नाव ठेवायला गिरणीच्या गोदामात बाजारातल्या बायका जमल्या, तेव्हा आईच्या खुर्चीवर पोकुआ पहिल्यांदाच बसली होती. न्हिरा पायाशी झोपलेली. टेबलावर नवा नमुना अंथरलेला. निळ्या जमिनीवर पिवळ्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत तपकिरी लाटा. गिरणीने त्याला नुसता आकडा दिला होता, चार हजार चारशे सतरा. आकडा काय कुणी अंगावर घालतं? बायका नावं टाकत होत्या. 'मासळीची जाळी,' एकजण म्हणाली. 'बँकेची खिडकी.' 'तुझ्या नवऱ्याचा बनियन,' तिसरी म्हणाली, आणि हशा झाला. मादाम बिरागो, गल्लीच्या तोंडाशी तीन गाळे असलेली, पोकुआकडे बघून म्हणाली, "पोर गप्प का? आईने जीभ बरोबर नेली वाटतं?" त्या क्षणी पोकुआच्या कानशिलात ऊन ऊन झालं. आईची खुर्ची मोठी होती, तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. समोर त्या पिवळ्या चौकटी होत्या, त्या लाटा होत्या, आणि तोंड उघडलं तेव्हा बाहेर आला तो तिचा आवाज नव्हताच. त्यातलं थांबणंसुद्धा दुसऱ्याचं होतं. "पडदे," ती म्हणाली, थांबली, "मी शिवले." मग कापडबाजाराची राणी, साऱ्या विक्रेत्या बायकांची पुढारी असलेली ऐंशीची म्हातारी, हनुवटी वर न उचलताच म्हणाली, "आणि निजलं कोण?" आणि साऱ्याजणी टेबलावर हात आपटून हसल्या, कुणी डोळे पुसले, बिरागोने मान डोलावली. पुढचं वाक्य कुणाला सांगावंच लागलं नाही. त्या शहरात अशी एक तरी बाई प्रत्येकीच्या ओळखीची होती.

पोकुआच्या ओळखीची होती ती इथे, पोकुआच्या घरी, याच पलंगावर बसली होती. डिसेंबर होता, उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने सगळ्यांचे ओठ फुटलेले. दुफियाचा नवरा अजेमान हाम्बुर्गहून परतला होता. सोबत दुसरी बाई आणि तीन वर्षांचं पोर. नऊ वर्षं दुफियाने गावाबाहेर त्याचं घर उभं केलं होतं. विटांच्या ट्रकमागे धावली, गवंड्यांशी भांडली, नळवाल्याला रांधून वाढलं. रडत नव्हती ती. न्हिराचा झगा हातात घेऊन त्याची उसवलेली शिवण दातांनी तोडत होती. "अकरा खिडक्या आहेत गं त्या घराला," ती म्हणाली. "पडदे... मी शिवले. निजली ती." मग झगा घडी घालून पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "सुईदोरा आण, हे नीट करते." पोकुआने सुईदोरा आणला होता. दुसरं काय केलं तिने? जवळ घेतलं होतं का? आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ते वाक्य ऐकताना तिच्या मनाच्या एका कोपऱ्याने, आईकडून आलेल्या त्या थंड, चलाख कोपऱ्याने, ते लगेच उचलून बाजूला ठेवलं होतं. चांगलं आहे, म्हणून.

दुफियाचा गाळा शेजारीच होता, चार हातांवर. निळ्याचे पहिले तागे हमालांनी आणून टाकले, पहिल्या गिऱ्हाइकाने नाव विचारलं आणि पोकुआने सांगितलं. सांगताना तिने उजवीकडे पाहिलं नाही. दुफिया एक कापड घडी घालत होती. ती घालत राहिली. ती घडी झाली, दुसरी घेतली. दुपारी तीनला तिने गाळ्यावर ताडपत्री ओढली. डोकं दुखतंय म्हणाली. महिनाअखेर तिथे प्लॅस्टिकच्या बादल्यांचं दुकान आलं. भांडण झालं नाही. शिवी नाही, निरोप नाही. बाजारात दोन मैत्रिणी कडाकडा भांडतात, झिंज्या उपटतात, आणि आठवड्याने एकाच पानातून जेवतात; तसं काही करायलाही तिने पोकुआला जागा ठेवली नाही. आणि निळं खपत गेलं. सीमेपलीकडून अबिजानच्या बायका येऊन नेऊ लागल्या. घरात मोठा फ्रीज आला, न्हिराला नवी शाळा झाली, ताकोराडीच्या बंदरावर काम करणारा नवरा फोनवर म्हणाला, आता तूच मला पोस. ती हसली होती. तेव्हा ती सगळ्यालाच हसत होती.

"आई, पाणी आलं?" न्हिरा उठून बसली होती. "आलं." "मग तू रडतेस का?" "खराट्याचं पाणी उडालं गं." तिने न्हिराला आंघोळ घातली, केसांच्या चार वेण्या घातल्या, आणि तिसरी वेणी घालता घालताच तिला कळलं की आपण आधी बाजाराकडे जाणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने तीस अंड्यांचा एक ट्रे घेतला. चुकलेल्या माणसाने माफी मागायला अंडी घेऊन जावं, ही रीत तिला पाठ होती. पण घरातलं वडीलधारं माणूस पुढे घालून जायचं असतं, बोलायचं त्याने, चुकलेल्याने मागे उभं राहायचं, हे तिला आठवलं तेव्हा टॅक्सी अर्ध्या वाटेवर होती. कुणाला न्यायचं होतं? आई नव्हती. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. खिडकीबाहेर नव्या उड्डाणपुलाचे खांब उभे होते, नुसतेच, वर काही नसलेले. मांडीवर ट्रे, ट्रेवर न्हिराचे हात. "मी फुटू देत नाही," ती म्हणाली. "दुफीमावशीकडे चाललो ना? मला ओळखेल ना ती? माझा एक दात पडलाय."

दुफिया अंगणातल्या पत्र्याखाली मशीनवर बसली होती. शाळेच्या गणवेशांचा खाकी ढीग पायाशी. एना दळणाला गेली होती. पोकुआ या अंगणात कधी थांबली नव्हती. शाळेपासून तिची सवय, फाटक ढकलायचं, सरळ चुलीकडे जायचं, झाकण उचलायचं आणि मग विचारायचं, काय केलंय. आज दुफिया उठली. आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली, ठेवली. "बसा." न्हिरा धावत तिच्या गुडघ्यांकडे निघाली होती ती मधेच अडखळली, कारण दुफिया पुन्हा आत वळली होती. ती बाहेर आली ती ताटात दोन पेले घेऊन, पेल्यांखाली बशी. अनोळखी माणसाला द्यावं तसं आधी मोठीला, मग धाकटीला. पोकुआने पेला घेतला, रीतीप्रमाणे दोन थेंब भुईवर सांडले, एक घोट घेतला. दुफिया समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर. "आमच्याकडे सारं ठीक आहे," ती म्हणाली. "तुमचं येणं कशासाठी झालं?"

"दुफिया, अगं काय हे—"

"पाहुणा आला की विचारतात. तुला ठाऊक नाही?"

पोकुआने ट्रे पायरीवर ठेवला. दुफियाने अंड्यांकडे पाहिलं, मग न्हिराकडे. "मधलं माणूस म्हणून हिला आणलंस होय? बरं आहे. हिला तरी खोटं बोलता येत नाही."

"गिरणीवाले नाव काठावर छापतायत. आज दहाला कागद आहे."

"ऐकलं."

"कुणाकडून?"

"बाजाराची बातमी आणायला माणूस लागतं का? चालत येते ती." ती जराशी हसली, तिच्या हसण्यात अजून तीच फट होती, पुढच्या दोन दातांमधली.

"तू नको म्हण. मी सही करत नाही."

"तू नाही केलीस तर बिरागो करेल. ती तर अंगठ्याला शाई लावूनच निजली असेल." मग हसू गेलं. "मला विचारायला आलीस ना? मग नीट सांग. तुला काय पाहिजे, विकायची परवानगी का झोप? दोन्ही एका ट्रेमध्ये मावत नाहीत बाई."

शेजारच्या घरात कुणीतरी कांडत होतं, मुसळाचे जड, ओले ठोके पडत होते. "काल एना आली होती," पोकुआ म्हणाली. "तुझ्यासाठी तेच निळं मागितलं. मी म्हटलं, अजून नाव पडलं नाही."

दुफियाने ढिगातलं एक खाकी कापड मांडीवर ओढलं. "हो. घरी येऊन मला म्हणाली, पोकुआ नाव शोधतेय गं, बिचारी. तुझ्यासाठी शोधतेय." ती कापडावरचा एक धागा ओढत राहिली, तो लांबच लांब येत गेला. "मी हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा एवढी हसले की आईला वाटलं ठसका लागला." धागा तुटला. "नाव चांगलं आहे, पोकुआ. देवाशपथ चांगलं आहे. मी कापड विकणारी आहे, मला कळतं. मला सुचलं असतं तर मीच ठेवलं असतं. पण मी ते तुझ्या पलंगावर ठेवलं होतं."

ऊन पत्र्यावरून खाली उतरून खुर्चीच्या पायांपर्यंत आलं होतं. माफ कर, हे शब्द पोकुआच्या तोंडात तयार होते, पण तिला अचानक दिसलं की तेही छान जमलेले आहेत, थांबण्यासकट. आणि ते तिने गिळले. "मी आज जात नाही तिकडे," ती म्हणाली. "बिरागोला छापू दे."

"जा किंवा नको जाऊस. पण माझ्यासाठी गेले नाही, असं कुठे सांगू नकोस. त्याचंही नाव पडेल."

पोकुआच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजू लागला. ओसाफोच असणार, साडेनऊ झाले असतील. फोन वाजत राहिला, त्याचा थरथराट तिच्या पोटाला लागत होता, आणि दुफिया, तो ऐकूनही न ऐकल्यासारखी, मशीनकडे वळून सुईत दोरा ओवत होती. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदाही. लहानपणी तिला दोरा पोकुआच ओवून द्यायची. पोकुआ उठायला गेली, आणि आपल्याला कुणी ऊठ म्हटलेलं नाही हे जाणवून पुन्हा टेकली. फोन थांबला. परत सुरू झाला. तिने पिशवीत हात घातला आणि न बघताच तो बंद केला. त्याबरोबर दोन वर्षं, अबिजानच्या बायका, भिंतभर निळं, सगळं एका बारीक कळीखाली दबून गप्प झालं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. दुफियाने वळून पाहिलंसुद्धा नाही.

न्हिरा पेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिने पाणी प्यायलं नव्हतं. पडलेल्या दाताची जागा दाखवायला म्हणून तिने मघापासून ओठ वर धरला होता, तो हळूहळू खाली आला. या घराच्या चुलीपाशी ती रांगायला शिकली होती. या बाईच्या पाठीवर झोपून झोपून तिथल्या झग्यांवर तिच्या लाळेचे डाग पडले होते. ती चुलीकडे बघत होती, मग पेल्याकडे, पेल्याखालच्या बशीकडे, मग दुफियाच्या पाठीकडे. मग ती आईच्या खुर्चीला अगदी चिकटली आणि कानाशी तोंड नेऊन, पण अंगणभर ऐकू जाईल अशा तिच्या त्या कुजबुजीत तिने विचारलं,

"आई, आपण इथे पाहुणे कधी झालो?"